अकरावीतल्या पोराच्या खिशात लवंगा सापडल्या. कसं बोलावं?

मांजराकाठ (धागाकर्ता) | शनिवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं झाली, इथं नुसता वाचतोय. लिहायची ही पहिलीच वेळ, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आम्ही केज तालुक्यातले. खत-बियाण्याचं दुकान आहे, थोडी शेती आहे. थोरल्याला दहावीला ९३ टक्के पडले, आणि आमच्याकडं नव्वदच्या वर गेलेलं लेकरू लातूरला जातं, त्यात विचारण्यासारखं काही नसतं. जूनमध्ये नीटच्या क्लासला लावलं. ट्यूशन एरियात तिघांत एक खोली, मेसचा डबा. महिन्यातून एकदा मी जाऊन येतो.

दिवाळीला आला. कपडे धुवायला टाकताना त्याच्या आईला जीन्सच्या खिशात कागदाची बारकी पुडी सापडली. आत दहा-बारा लवंगा. ती मला म्हणाली, "लेकराची दाढ दुखायलीय वाटतं, सांगंना झालंय. दाखवून आणा." मी नुसतं हूं म्हणालो. मी बारावीला होतो तेव्हा माझ्या खिशात बडीशेप असायची, त्यामुळं लवंग कशाला लागते ते मला लगेच कळलं.

रात्री तो झोपल्यावर जाऊन त्याच्या उजव्या हाताची बोटं हुंगली. उटण्याचा वास होता, फटाक्याच्या दारूचा होता, आणि त्याखाली सिगारेटीचाही होता. सोळा वर्षांच्या पोराच्या उशाशी बाप चोरासारखा वाकलाय, कुणी बघितलं असतं तर काय म्हटलं असतं.

आधीच सांगून टाकतो, मी तंबाखू खातो. चुना लावून, वीस वर्षं झाली. ओढत नाही. म्हणजे पुढं कुणी ते काढायला नको.

सोमवारी तो परत जाणार. त्याच्या आईला अजून बोललेलो नाही. दोन कानाखाली द्याव्यात, का क्लास सोडवून घरी आणावं, का काही माहीतच नाही असं करावं? फी सगळी भरून झालीय, तेही सांगतो. आणि मुळात मला कळंना की पोरगं हुशार, कुणाच्या अध्यात ना मध्यात, त्याला ही बुद्धी सुचली कुठून.

बालाघाटी | शनिवार, रात्री ११:४८

भाऊ, एवढं मनावर घेऊ नका. वय असतं. आम्हीही कॉलेजला असताना स्टँडच्या मागं मोप ओढल्या. नोकरी लागली, लग्न झालं, सुटल्या. तुम्ही बोललात तर तो लपवायचं वाढवेल, बाकी काही होणार नाही. फार तर सांगा की ओढायचीच असंल तर विडी ओढ, तिचं पान तरी झाडाचं असतं, सिगारेटीत काय काय केमिकल घालतात देव जाणे.

अवांतर: लवंगेची आयडिया आम्हाला सुचली नव्हती. आम्ही पेरूची पानं चावायचो.

गोदाकाठची | रविवार, सकाळी ६:५५

बालाघाटी, ज्यांच्या सुटल्या तेच सांगायला येतात. ज्यांच्या सुटल्या नाहीत त्यांतले बरेच धागे वाचायला उरत नाहीत.

धागाकर्ते, मी गंगाखेड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. "बुद्धी सुचली कुठून" विचारताय म्हणून माझंच सांगते. मी सात वर्षांची असताना विडी ओढलीय. आजोबा ओसरीवर बसायचे आणि आत हाक मारायचे, "माय, विडी पेटवून आण गं." चुलीतलं जळतं लाकूड टोकाला लावायचं. पण विडी नुसती धरून पेटत नाही, ओढावी लागते. तोंडात धरायची, एक दम घ्यायचा, टोक लाल झालं की पळत ओसरीवर. घरात कुणाला त्यात काही वाटायचं नाही, उलट पोरगी कामाची आहे म्हणायचे. पुढं ते काम धाकट्या भावाकडं गेलं. तो आज पंचेचाळिशीचा आहे आणि रोज एक बंडल संपवतो. त्याला कुणी वाईट संगतीतल्या मित्रानं लावलं नव्हतं, आजोबांनी लावलं होतं, तेही लाडानं.

माझ्या वर्गात चौथीतली पोरं आहेत. दिवाळी झाली की निम्म्यांचे आईबाप ऊसतोडीला जातात आणि लेकरं आजी-आजोबांजवळ राहतात. दुकानातून पुडी आणायचं काम या लेकरांचंच. उरलेला रुपया-दोन रुपये त्यांचा. कुठल्या पुडीला कुठला रंग हे त्यांना बाराखडीच्या आधी पाठ असतं.

मारू नका. मार खाल्लेलं पोरगं वास लपवायला शिकतं, आणि तेवढं तुमच्या पोराला येतंच आहे.

सरकी | रविवार, सकाळी ९:१०

+१ गोदाकाठची. आणि सगळे पोरगा पोरगा करताहेत म्हणून फक्त एवढंच लिहिते की आमच्या घरी आजी, आई, दोन्ही काकू मिश्री लावायच्या. तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास म्हणजे माझ्यासाठी सकाळ. मीही बाराव्या वर्षापासून लावत होते, दात घासणं समजून. नर्सिंगला गेल्यावर कळलं की आपण तंबाखू लावतो. पहिल्या आठवड्यात हॉस्टेलवर मिश्री मिळाली नाही तर डोकं उठायचं, मला वाटलं घरची आठवण येतेय.

खोली_नंबर_७ | रविवार, दुपारी १:३२

काका, मी एकोणीस वर्षांचा आहे. त्याच एरियात दोन वर्षं काढली. पहिल्या वर्षी गेली, दुसऱ्या वर्षी रिपीट केलं, आता नांदेडला बीएस्सीला आहे. म्हणजे डॉक्टर झालो नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर तुम्ही माझं लै ऐकाल.

सगळ्यांना वाटतं कुणीतरी नादी लावतं. मला दोन वर्षांत "घे की" असं एकदाच कुणीतरी म्हणालं, आणि नको म्हटल्यावर त्यानं परत विचारलंही नाही. मी आपल्या पायानं गेलो.

क्लासात तीनशे पोरं. शेजारी बसणाऱ्याचं नाव मला गणपतीपर्यंत माहीत नव्हतं. खोलीतले दोघं, एक जिंतूरचा, एक उदगीरचा, दोघांच्या बॅचच्या वेळा वेगळ्या. मी उठायचो तेव्हा ते झोपलेले असायचे. एकदा दिवसभरात आपण मोठ्यानं काय काय बोललो ते रात्री आठवून बघितलं. मेसवाल्या मावशीला "भाजी थोडी द्या" आणि घरी फोनवर "हो, चांगलं चाललंय". बस. गावाकडं माणूस पारावर नुसता जाऊन बसला तरी चार जण विचारतात, कारं कामून बसला. तिथं पार नाही. टपरी आहे.

पण टपरीवर नुसतं उभं राहता येत नाही. कट चहा पाच मिनिटांत संपतो. मग हात रिकामे. मोबाईल काढून उभं राहिलं तर हा एकटाच आलाय हे सगळ्यांना दिसतं. हातात सिगारेट असली की कुणी काही विचारत नाही, तुम्ही तिथले असता. "माचिस हाय का" एवढ्यावर ओळख होते. माझे लातूरचे सगळे मित्र माचिसवर झालेले आहेत. आजही फोन आला की आनंद होतो असेच आहेत, पोरं वाईट नव्हती.

रविवारी टेस्ट व्हायची आणि रात्री ग्रुपवर रँक यायचा. ज्यांचा वर गेला ते खोलीत अभ्यासाला बसायचे. ज्यांचा खाली आला ते साडेदहाला टपरीवर. मी कुठल्या बाजूला असायचो सांगायला नको.

पहिले चार-पाच दिवस धूर नुसता तोंडात फिरवून सोडत होतो. एक सीनियर हसला, "लेका, गॅस वाया घालवू नको, आत घे." घेतला. डोकं गरगर फिरलं, नालीच्या कठड्यावर बसलो, तोंडाला पाणी सुटलं, ओकारी येता येता राहिली. मला बरं वाटलं होतं त्या दिवशी, म्हटलं चला, हे आपल्याला झेपत नाही. इथंच फसलो. शरीर एकदा-दोनदा नको म्हणतं आणि मग गप बसतं.

संक्रांतीच्या आसपास लक्षात आलं की टेस्टमध्ये दीड तासापर्यंत माझं बरं चालतं. मग पाय हलायला लागतो. आता नीटला १८० प्रश्न आणि १८० मिनिटं आहेत, म्हणजे निम्मा पेपर अजून बाकीच. बायोलॉजीचे प्रश्न, एनसीईआरटीतल्या ओळीच्या ओळी पाठ असलेले, वाचायचो आणि अर्ध्या वाक्यात टपरीचा पत्रा डोळ्यापुढं यायचा. एकदा गोल रंगवताना एक ओळ चुकली आणि पुढचे अकरा प्रश्न तसेच खाली सरकले. बाहेर येऊन ओढली की डोकं थंड. मी सगळ्यांना सांगायचो, सिगारेटनं टेन्शन जातं. ते टेन्शन सकाळपासून तिनंच चढवलेलं असायचं.

सोडली तेव्हा कुणाच्या भाषणानं सोडली नाही. खोली बदलली. नव्या खोलीवरून क्लासला जायच्या रस्त्यात टपरी नव्हती. तरी सहा महिने लागले, दोनदा परत सुरू झाली.

दाढदुखी | रविवार, दुपारी ३:०५

मी छत्रपती संभाजीनगरला दातांचा डॉक्टर आहे, नावावरून कळलं असेल. खोली नंबर ७ नं जे लिहिलंय ते मी रुग्णाला समजावून थकतो, त्यानं पायाच्या हलण्यात सांगून टाकलं.

त्यामागचं गणित साधं आहे. ओढलेला धूर फुप्फुसातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जायला दहा-वीस सेकंद लागतात. निकोटीन तिथं पोचलं की डोपामीन सुटतं, माणसाला बरं वाटतं. मग साधारण दोन तासांत रक्तातलं निकोटीन निम्म्यावर येतं आणि मेंदू मागायला लागतो. क्लासचं लेक्चर केवढं असतं? दीड ते दोन तास. ब्रेकला टपरीवर गर्दी का होते, ते क्लासवाल्यांना वाटतं चहासाठी.

मोठ्या माणसाच्या आणि पोराच्या मेंदूत फरक आहे. मेंदूचा थांब म्हणणारा, पुढचा भाग पंचविशीपर्यंत तयार होत असतो. त्या काळात निकोटीन गेलं तर सवय लवकर आणि खोल बसते. रोज ओढायला लागायच्या आधीच, आठवड्यातून एक-दोनदा ओढणाऱ्या पोरांतही व्यसनाची लक्षणं दिसतात. त्यामुळं "मी अधूनमधूनच ओढतो" म्हणणाऱ्या पोराला आपण सुरक्षित समजू नये, त्यानंही समजू नये.

बालाघाटी, विडीबद्दल. टेंभुर्णीचं पान झाडाचं असतं हे खरं, पण ते नीट जळत नाही. मध्येच विझतं. म्हणून दम जोरात आणि वारंवार घ्यावा लागतो, आणि बारक्या विडीतून सिगारेटीपेक्षा जास्त टार आणि कार्बन मोनॉक्साइड आत जातो. धुरात सात हजारांवर रसायनं असतात आणि त्यांतली सत्तरएक कॅन्सर करणारी. ती कुणी कंपनीत बसून घातलेली नसतात, पान आणि तंबाखू जळताना तयार होतात.

धागाकर्ते, तुमचा मुलगा सोळाचा आहे, तर ते लवकर झालं असं समजू नका. २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात आपल्या देशातली १३ ते १५ वयाची ८.५ टक्के शाळकरी मुलं तंबाखू वापरणारी निघाली, महाराष्ट्रात ५.१ टक्के. ज्यांनी सुरू केलं त्यांचं सुरुवातीचं मधलं वय सिगारेटीला साडेअकरा, विडीला साडेदहा आणि खायच्या तंबाखूला ९.९ वर्षं. गोदाकाठची यांच्या चौथीच्या वर्गाचं वय बघा म्हणजे झालं.

आणि एक जरा टोचणारं. २०१६-१७ च्या प्रौढांच्या सर्वेक्षणात महाराष्ट्रात ओढणारे ३.८ टक्केच होते, खाणारे-लावणारे २४.४ टक्के. आपण धुराच्या वासाला घाबरतो, पुडीला घाबरत नाही. आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात मी रुग्ण पाठवतो. गाल, जीभ, हिरडी. बरेचसे तुमच्यासारखे, ओढत नाही म्हणणारे. राग मानू नका.

मांजराकाठ | रविवार, दुपारी ४:४०

राग नाही डॉक्टर. वाचून दुकानाच्या ड्रॉवरमधली पुडी मागं सरकवली. फेकली नाही, खोटं कशाला बोलू.

वकीली_काळा_कोट | रविवार, सायंकाळी ५:१५

कायद्याचं कुणी बोललं नाही म्हणून. २००३ च्या तंबाखू कायद्याच्या कलम ६ प्रमाणे अठराच्या आतल्याला सिगारेट विकता येत नाही आणि शिक्षणसंस्थेच्या १०० यार्डांच्या आत तर कुणालाच नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७७ आणखी कडक आहे, मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून सुट्टी सिगारेट आणि सुट्टी विडी विकायलाच बंदी आहे, पाकीट घ्यायचं तर अख्खं. ई-सिगारेट २०१९ पासून देशभर बंद. तक्रार करा.

टपरीवाला_होतो | रविवार, रात्री ९:२५

वकीलसाहेब, नमस्कार. मी अकरा वर्षं टपरी चालवली. गाव सांगत नाही, मराठवाड्यातलंच आहे, कॉलेजजवळ. तुमचा तो १०० यार्डांचा पिवळा पट्टा आमच्या रस्त्यावर मारला होता. माझी टपरी पट्ट्याच्या पलीकडं चार फुटांवर होती, मीच सरकवली होती. पोरं पट्टा ओलांडून यायची, तेवढाच व्यायाम.

सुट्टी बंद झाल्याचं मला वर्षभरानं कळलं. सुट्टी विकायची नाही तर अकरावीचं पोरगं गिऱ्हाईक होणारच नाही, कारण अख्ख्या पाकिटाचे पैसे त्याच्याजवळ नसतात, आणि असले तरी ते पाकीट ठेवणार कुठं? दहा-पंधरा रुपये मात्र कुणाजवळही निघतात. म्हणून नियम बरोबर जागी घाव घालणारा होता. पण घाव घालायला कुणी आलं नाही.

आता काका, तुम्हाला उपयोगाचं सांगतो. नवं पोरगं कसं ओळखू यायचं. ते नाव घेऊन मागत नाही, बोट दाखवतं. "ती द्या." पैसे आधी देतं. दोरीला बांधलेला लायटर त्याला पेटवता येत नाही, अंगठा सरकतो, मग दुसरा कुणीतरी पेटवून देतो. टपरीच्या मागच्या बाजूला जाऊन ओढतं. एक झाली की चिंगम घेतं, तुमच्या लेकरानं लवंग घेतली म्हणजे घरच्या डब्यातली असणार, पैसे वाचवतंय. पहिले आठ-पंधरा दिवस ते दुसऱ्याच्या जिवावर ओढतं. ज्या दिवशी मला म्हणायचं, "दादा, वहीत लिहा", त्या दिवशी मी समजायचो की हा आता आपला. वहीत नाव येईपर्यंत सोडवायला सोपं असतं. नंतर अवघड.

सिगारेटीवर मला सुटत काही नव्हतं, एका पाकिटामागं थोडकेच पैसे. पण सिगारेटवाला दोन चहा घेतो, क्रीमरोल घेतो, चार जण घेऊन येतो. चहाला गिऱ्हाईक उभं करायचं साधन होतं ते. खोली नंबर ७ नं हे दुसऱ्या बाजूनं लिहिलंय, वाचून जरा कसंतरीच झालं.

बंद कामून केली ते विचारू नका, काही पुण्याचं काम नव्हतं, रस्ता रुंदीकरणात गेली. आता त्याच रस्त्याला रसवंती आहे. उन्हाळ्यात बरं चालतं, पावसाळ्यात बोंब.

बालाघाटी | रविवार, रात्री १०:०२

डॉक्टरांनी विडीचं सांगितलं ते माहीत नव्हतं, मागं घेतो. पण भीती घालून पोरं ऐकत नाहीत हे माझं मत कायम. आर. आर. आबा २०१५ ला तोंडाच्या कॅन्सरनं गेले तेव्हा आमच्या गावात कट्ट्यावर बसून सगळ्यांनी पुड्या फेकल्या होत्या. आठ दिवस. पाकिटावर तर आता ८५ टक्के जागेत सडलेलं तोंड छापतात. पोरं काय म्हणतात माहितीय? "दादा, हे चित्र नको, दुसऱ्या चित्राचं द्या."

त्याऐवजी माझ्या पुतण्याचं सांगतो. पोलीस भरतीच्या मागं आहे. पहाटे पाचला मैदानावर. १६०० मीटरला तिसऱ्या फेरीपर्यंत पुढं आणि चौथीला पाय दगड. मास्तर म्हणाले रात्री काय करतोस, तर हा गप. चार-पाच सिगारेटी निघाल्या. पन्नाशीतल्या कॅन्सरला तो घाबरला नाही, चौथ्या फेरीला घाबरला. सध्या तरी बंद आहे.

दाढदुखी | रविवार, रात्री १०:२०

बालाघाटी, याच्याशी पूर्ण सहमत. चौथ्या फेरीचं कारणही सांगतो, पुतण्याला दाखवा. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट चिकटतो. ऑक्सिजनची गाडी भरून चालली, पण सिटांवर दुसरेच बसलेत. शेवटच्या फेरीला जेव्हा जास्त लागतो तेव्हाच तुटवडा. चांगली गोष्ट ही की हा वायू बारा तासांत, फार तर दिवसभरात बाहेर पडतो.

मांजराकाठ | मंगळवार, रात्री १०:५०

मंडळी, काल त्याला सोडून आलो. एसटीनं पाठवणार होतो, पण मोटारसायकलवर घेऊन गेलो. घरात समोरासमोर बसून मला बोलता आलं नसतं. गाडीवर तोंडं एकाच दिशेला असतात.

तरी अंबाजोगाईपर्यंत काही बोललो नाही. तिथं चहाला थांबलो. मेडिकल कॉलेजच्या गेटवरून पुढं आलो तेव्हा तो दरवेळेसारखा मान वळवून बघत होता, त्याला तिथं ॲडमिशन पाहिजे. चहा आला. मी विचारलं, "दिवसाला किती होतात?"

"ओढतोस का" असं विचारलं नाही. हे टपरीवाल्या भाऊंचं वाचून सुचलं, माहीत असल्यासारखं विचारायचं. तो बराच वेळ कपाकडं बघत बसला. मग म्हणाला, "तीन. टेस्टच्या दिवशी पाच."

मी विचारलं, वहीत नाव आहे का? त्यानं चमकून बघितलं. म्हणाला नाही, मित्र देतात, कधी मी देतो. म्हणजे अजून पंधरा दिवसांच्या आतलं आहे असं धरायचं का, भाऊ? मला तसं वाटत नाही, पण धरतोय.

मग त्यानं विचारलं, "आणि तुमच्या पुड्या किती?" हॉटेलात बसून पोरानं बापाला विचारलं. माझ्या वडिलांना मी असं विचारलं असतं तर तिथंच कप फेकून मारला असता त्यांनी. मी म्हणालो, दोन. तो म्हणाला, "आईला वाटतं एक."

भाषण काही जमलं नाही. खोली नंबर ७ चं सगळं मोबाईलवर काढून दिलं, म्हटलं वाच. अकरा प्रश्न खाली सरकले तिथं तो थांबला. "माझे चार सरकले होते," म्हणाला. त्यानंतर मी लवंगांची पुडी त्याच्या हातात दिली आणि म्हणालो, आईला दाढ दुखतीय असं वाटतंय, तिला काय सांगायचं ते तू सांग. लातूरला पोचल्यावर त्यानं फोन केला. काय बोलला माहीत नाही, पण घरी आलो तर ती माझ्याशी बोलंना.

आज दुकानातली पुडी कचऱ्याच्या डब्यात टाकली. पुढं काय करायचं सांगा, त्याचंही आणि माझंही.

खोली_नंबर_७ | मंगळवार, रात्री ११:०४

काका, त्याला म्हणावं क्लासमधून सुटल्यावर मेसला दुसऱ्या गल्लीनं जा, लांब पडली तरी. आणि टपरीवरच्या पोरांशी तोडू नको, त्यांना खोलीवर बोलव. चहा खोलीवर करा, इंडक्शन घेऊन द्या त्याला. मालक कुरकुर करतो लाईटबिलाची, करू द्या. मी ते केलं असतं तर सहा महिने लागले नसते. नंबर पाहिजे असला तर संदेशात पाठवतो, मला रात्री अकरानंतर कधीही फोन करू दे.

आणि रविवारी रात्री साडेदहाला तुम्ही फोन करत जा. रँक विचारू नका. बैलाचं सांगा, दुकानाचं सांगा, कायबी.

दाढदुखी | मंगळवार, रात्री ११:१५

पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट. चिडचिड, डोकं जड, झोप मोडणं, भूक वाढणं. याच काळात टेस्ट आली आणि मार्क पडले तर त्याला वाटेल सोडल्यानं पडले, म्हणून आधीच सांगून ठेवा. दोन ते चार आठवड्यांत उतरतं. हुक्की आली की ती पाच-दहा मिनिटांची असते, पाणी पिऊन एक जिना चढून-उतरून आला तरी निघून जाते. निकोटीनची चिंगम दुकानात मिळते, पण अठराच्या आतल्या पोराला आपल्या मनानं देऊ नका, डॉक्टरला विचारा. तुम्ही घ्यायची असली तर आधी येऊन तोंड दाखवून जा. १८००-११-२३५६ हा मोफत नंबर पाकिटावरच छापलेला असतो, सडलेल्या चित्राखाली, म्हणून कुणी वाचत नाही. तिथं सोडायला मदत करतात, खाणाऱ्यांनाही.

गोदाकाठची | बुधवार, सकाळी ६:४०

वहिनी बोलत नाहीत ते पोरामुळं नाही, दोन पुड्यांमुळं असेल.

टपरीवाला_होतो | बुधवार, सकाळी ७:३०

काका, एक बारकी गोष्ट. पुडी कचऱ्याच्या डब्यात टाकायची नसते. पाण्यात टाकायची, अन् ती पण फोडून. कोरडी असली की माणूस रात्री उठून काढतो. लै जणांचं बघितलंय.

मांजराकाठ | बुधवार, सकाळी ७:५२

काढली होती. आत्ता हौदात टाकून आलो.